काळीच्या शिळेपाशी पाऊण तास

साठी उलटल्यावर माझ्या मैत्रिणींनी गुडघे बदलून घेतले. मी आशियाई कलेच्या पदव्युत्तर डिप्लोमाला नाव घातलं. वर्ग शनिवारी संध्याकाळी, ऑनलाइन. वर्गखोली म्हणजे बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या अकराव्या मजल्यावरचं आमचं जेवणाचं टेबल. चीनमधलं तांग घराणं संपेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या होतात, सोंग सुरू झालं की मी उठून गॅस बंद करते.

"आई, हे करून पुढे काय?" सुनेनं फॉर्म भरून देताना विचारलं होतं. तिचं चुकलं नाही. बेळ्ळंदूरमध्ये सगळे कशाच्या तरी पुढेच निघालेले असतात, रिंगरोडवर अडकलेले असले तरी.

जपान आलं तेव्हा घरात जरा रस निर्माण झाला. पडद्यावर होकुसाईची ती सुप्रसिद्ध लाट होती, साधारण 1831 सालची. लाकडी ठशांवरून छापलेली, म्हणून जगातल्या कितीतरी संग्रहालयांत तिच्या प्रती आहेत. अंगावर येणारा पांढरा फेस, खाली होड्या, आणि मागे चिमुकला फुजी पर्वत. चहाचा कप घेऊन आलेले आमचे हे थबकले आणि म्हणाले, "हे तर आपलं तळं!" बेळ्ळंदूरच्या तळ्याचा फेस उडून रस्त्यावर यायचा, 2017 मध्ये तर तळ्यावर आग लागली होती. फुजीच्या जागी टेक पार्क घातलं की चित्र तंतोतंत. मी हे वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

मग गृहपाठ आला. जवळच्या संग्रहालयातली एकच वस्तू निवडायची. अर्धा तास तिच्यापुढे नुसतं उभं राहायचं, वही बंद. मग लिहायचं, पण 'सुंदर', 'भव्य' आणि 'अप्रतिम' हे शब्द वर्ज्य. बटाटेवड्यालाही अप्रतिम म्हणणाऱ्या माणसाची ही जीभच कापल्यासारखी गत.

लंडनला सोआस विद्यापीठात अशाच डिप्लोमाचे विद्यार्थी ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधल्या वस्तू समोर ठेवून शिकतात. ऐकून हेवा वाटला. मग आठवलं, की मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, टाटा बंधूंनी दिलेल्या चिनी-जपानी वस्तू माझ्या लहानपणीही होत्या. शाळेच्या सहलीत आम्ही त्यांच्यासमोरून धावत गेलो होतो, भुसा भरलेले प्राणी बघायला. आशियाई कला तेव्हा फुकटात पाठीमागे टाकली आणि आता तिची फी भरते आहे.

पण आता जवळचं संग्रहालय म्हणजे बंगळूरचं. तर बेळ्ळंदूर ते कस्तुरबा रोड. अंतर पंधराएक किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. मराठहळ्ळीच्या अलीकडे एका टेम्पोच्या मागे इतका वेळ उभे होतो, की मी सराव म्हणून त्याचाच अभ्यास केला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल, म्हणजे तीनदा रंगवलेला. लिंबू ताजं, मिरच्या वाळलेल्या, म्हणजे दोन वेगळ्या शनिवारच्या. तोवर ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं होतं.

कस्तुरबा रोडवर 2023 मध्ये उघडलेलं नवं, गारेगार कला आणि छायाचित्र संग्रहालय आहे. मी मात्र 1865 साली स्थापन झालेल्या जुन्या सरकारी संग्रहालयात शिरले, आतकूरच्या शिळेसाठी. आतकूर मंड्या जिल्ह्यातल्या मद्दूर तालुक्यात येतं. बंगळूरकरांना मद्दूर वड्यामुळे माहीत.

शिळा कुत्र्याची आहे. अक्षरांच्या मधोमध कुत्रा आणि रानडुक्कर एकमेकांना भिडलेले. लेख जुन्या कन्नडमधला, शके 872 चा, म्हणजे इसवी सन 949-50. तेव्हा राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण राज्य करत होता, वेरूळचं कैलास कोरवून घेणाऱ्या पहिल्या कृष्णाचा वंशज. तक्कोलमच्या लढाईत चोळांचा राजादित्य पडला. कृष्णाच्या बाजूनं लढणारा त्याचा मेहुणा गंग राजा बूतुग, आणि बूतुगाचा माणूस मणलेर. मणलेराचा पराक्रम पाहून धनी खूश झाला, म्हणाला, माग काय हवं ते. त्यानं कुत्रा मागितला! 'काळी' नावाचा. पुढे हा काळी एका मोठ्या डुकरावर सोडला गेला आणि दोघंही झुंजीत मेले. मणलेरानं देवळापुढे शिळा उभी केली, पूजेसाठी जमीन लावून दिली. वर अट अशी, की पुजाऱ्यानं शिळा पुजल्याशिवाय अन्न घेतलं तर कुत्र्याचं पाप त्याच्या माथी.

मी पाऊण तास उभी होते. लढाई, राजे, वंशावळ हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत संपतं. त्यानंतर फक्त कुत्रा उरतो. पहारेकरी आधी लांबून नजर ठेवून होता, मग जवळ आला. बाई इतका वेळ बघतेय तरी काय, म्हणून तोही वाकला. "नायि?" त्यानं विचारलं. "हौदु," मी म्हणाले. माझं कन्नड तिथेच संपतं, पण त्या दिवशी पुरलं.

तेव्हापासून पंचाईत झाली आहे. आमच्या गेटपाशी एक काळपट कुत्री असते. तिला खायला घालावं की नाही यावर सोसायटीच्या ग्रुपवर महायुद्ध चालू आहे. मी त्यात नाही. पण सकाळी खाली जाऊन तिला बिस्किट दिल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. "झाली का पूजा?" हे वर्तमानपत्राआडून विचारतात.

गृहपाठ बाराशे शब्दांचा झाला, एकही 'अप्रतिम' न वापरता. बाईंनी खाली लाल अक्षरात एकच ओळ लिहिली: उंची, रुंदी, जाडी? शिंपीकामाची टेप मी मुद्दाम नेली होती. ती पर्समध्येच राहिली.

मंगळवारी पुन्हा निघाले. कॅब आठ मिनिटांवर होती आणि वीस मिनिटं आठवरच राहिली. पर्समध्ये टेप होती आणि पार्ले-जीचा पुडा. टेपला अजून वेळ होता, म्हणून मी पुडा फोडला.