मधलं काय?

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'ट्रान्झिएंट काका' म्हणतात. खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. पुण्यात एका वाहन कंपनीत ते इंजिनाची गणिती मॉडेलं करायचे. रिटायर झाले, लॅपटॉप बदलला, खोड तीच.

जगावर त्यांचा एकच आक्षेप आहे: लोक सुरुवात सांगतात, शेवट सांगतात, मधलं गाळतात. "ऐंशीला गाडी किती ॲव्हरेज देते, हे शेंबडं पोरही सांगेल. चाळीसवरून ऐंशीला जाताना काय होतं, ते बोला!" समोरचा बोलत नाही. मग काका बोलतात.

कार्नोबद्दल त्यांना आदर आहे, पण जावयाला सासऱ्यांबद्दल असतो तसा, जरा लांबून. "१८२४ साली काय देखणं चक्र मांडलं पठ्ठ्यानं! पण ते आदर्श राहायचं तर इंजिन अनंतकाळ हळू चालायला हवं. आम्हाला नऊची शिफ्ट गाठायची असते."

त्यांच्या गाडीतून खंबाटकी चढणं ही शिक्षाच. पुढच्या जुन्या ट्रकनं गिअर टाकून भसकन काळा धूर सोडला, की काकू पदर नाकाला लावतात आणि काकांचा चेहरा खुलतो. "बघितलंस? पाय दाबला, डिझेल लगेच गेलं. हवा कुठाय? हवा कोंबणारा टर्बो फिरतो एक्झॉस्टवर. एक्झॉस्टला जोर आल्याशिवाय तो पळत नाही, त्यात चाकाचं जडत्व. तेवढ्यात डिझेल जास्त, हवा कमी. हा धूर म्हणजेच ट्रान्झिएंट!"

"अहो, काच वर करा," काकू म्हणतात.

रात्री मॉडेल रनला लावून ते झोपतात, म्हणजे पडतात. चाचणीची ड्रायव्हिंग सायकल ११८० सेकंदांची, पुरती वीस मिनिटंही नाही. यांच्याकडे ती उजाडेपर्यंत चालते. दोन हजार आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र ६० मिलिसेकंदांत उरकतं, आणि काकांना त्यात क्रँकचा अंशन् अंश हवा. मध्येच आकड्यांच्या जागी 'नॅन' उमटलं की भर मध्यरात्री हॉलमधला दिवा लागतो.

"उडालं का?" काकू आतून विचारतात.

"टाइमस्टेप कमी करतो."

"करा. आणि दूध फ्रिजमध्ये ठेवा."

मॉडेलचं आणि इंजिनाचं पटलं नाही, तर चूक इंजिनाची, हे त्यांचं ठाम मत. टेस्ट बेडवरची पोरं यावरून खूप हसायची. एकदा मात्र मॉडेल म्हणत होतं, एक्झॉस्टचं तापमान झपकन चढतं. सेन्सर म्हणत होता, सावकाश. काका खाली गेले, थर्मोकपल काढून चिमटीत धरलं. टोक चांगलं जाडजूड. "हा स्वतः तापेपर्यंत पीक येऊन गेलेलं असतं!" बारीक तारेचं लावलं, आणि ग्राफ मुकाट काकांच्या बाजूला सरकला. ही हकिगत मला पाठ आहे. दर खेपेला थर्मोकपल थोडं आणखी जाड होतं.

हल्ली त्यांचा मुक्काम सकाळी पार्किंगमध्ये असतो. कुणी गाडी चालू करून उभी ठेवली की हे काचेवर टकटक करतात. "उभ्यानं तापवू नका. कॅटॅलिस्ट गरम होईपर्यंतच खरी घाण बाहेर पडते. हळूहळू चालवत न्या, लवकर तापेल." सल्ला सोळा आणे खरा. पण काच खाली केली की कार्नोपासून सुरुवात होते. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आता गाडी बंदच ठेवून गेटपर्यंत ढकलत नेतात आणि बाहेर जाऊन स्टार्टर मारतात. मागून वॉचमन हात लावतो.