रा. रा. पातेराव पवनचक्कीकर यांस अनावृत पत्र



गेल्या मंगळवारी रात्री आपण आमच्या गावातून गेलात. आपली लांबी सत्तर मीटर आणि आमच्या वेशीतलं वळण बैलगाडीच्या काळातलं. मारुतीच्या पारापाशी ट्रेलर अडकला. मग आपल्या वाटेत येणाऱ्या विजेच्या सगळ्या तारा गुत्तेदाराच्या माणसांनी उतरवल्या. वीज करणारे पाहुणे जायचे, तर विजेनं वाट सोडायलाच हवी! पहाटे आपण पुढे गेलात. तारा चढल्या शुक्रवारी.

तीन दिवस गावात लाईट नाही. गिरणी बंद, बोअर बंद, कांद्यानं माना टाकलेल्या. वर माळावर मात्र आपले भाऊबंद गरागरा फिरतायत आणि त्यांच्या माथ्यावरचे तांबडे दिवे रात्रभर लुकलुकतायत. अंगणात बाजेवर बसलेल्या आईनं विचारलं, "त्यांच्याकडं कसा काय लाईट हाय रं?" मी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "ज्यांनी उतरवल्या, त्यांनाच चढवायला सांगा." गुत्तेदार म्हणाला, "आमचं काम पातं पोचवायचं."

पाराचा लिंब अर्धा छाटला, पांदणीची चाळण केली, एका बांधाला एक मावेजा आणि शेजारच्या बांधाला दुसरा, हे सगळं सोडून देतो. एक गोष्ट सोडवत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, मस्साजोगच्या सरपंचांना हाल हाल करून मारलं. पवनचक्कीवाल्या कंपनीकडे मागितलेली खंडणी त्याच्या मुळाशी होती, असं आरोपपत्र म्हणतं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं, वारा फुकट असतो.

असो. खरं तर चूक तुमची नाहीच, तुम्हाला धाडलंय भलत्या ठिकाणी. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर वारा नेमानं कामावर येतो. तिथं पंचवीसेक वर्षांपूर्वीची साडेतीनशे किलोवॉटची यंत्रं उभी आहेत. आज तुमच्या जोडीचं एक यंत्र तसल्या आठ-नऊंचं काम करतं. जुनी काढून मोठी बसवायचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये नवं नाव घेऊन पुन्हा आलं. पण कर वाचवायला घेतलेली ती यंत्रं, एकेकाचा मालक वेगळा. कोण कुणाला हलवणार? म्हणून तुम्ही आमच्या बालाघाटात. इथं वारा मंद म्हणून पातं लांब, पातं लांब म्हणून आमच्या तारा खाली.

एवढ्या लांबीच्या माणसानं राहावं समुद्रात. तिकडे जहाजानं जायचं. वळण नाही, पार नाही, वायरमन नाही. डेन्मार्कनं विंडेबीला १९९१ मध्ये समुद्रात अकरा पवनचक्क्या रोवल्या आणि म्हाताऱ्या झाल्या म्हणून २०१७ मध्ये काढूनही टाकल्या. आपल्या देशाचं सागरी पवन धोरण २०१५ चं. २०२२ पर्यंत पाच हजार मेगावॉट व्हायचे होते. २०२४ मध्ये केंद्रानं ७,४५३ कोटी मंजूर केले, गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पाचशे-पाचशे मेगावॉटसाठी. गुजरातची निविदा निघाली, मुदतीवर मुदत मिळाली, शेवटी रद्द झाली. डेन्मार्कच्या पवनचक्क्यांचा जन्म, संसार आणि उत्तरकार्य आटोपलं. आपल्याकडे अजून पत्रिकाच जुळतेय.

त्या रात्री बॅटरी घेऊन मी बाहेर आलो होतो. तुम्ही पाराला टेकून आडवे पडलेले, पांढरेफटक, अंगभर धूळ. आलेल्या वाटेनं मागे वळायचीही सोय नाही. ड्रायव्हर चाकाशी बसून भाकरी खात होता. घर सोडून एकवीस दिवस झाले म्हणाला. आईनं त्याला चहा दिला. तुम्हाला काय द्यावं, ते तिला सुचलं नाही.

कळावे,
आपला,
वेशीतल्या वळणावरचा रहिवासी

ता. क. एका पवनचक्कीला पाती तीन लागतात, हे नंतर समजलं. उरलेल्या दोघा भावांना सांगा, निघण्याआधी एक दिवस निरोप धाडा. दळण करून ठेवतो.