म्युनिक ते व्हेनिस, मार्गे साडू

म्युनिक ते व्हेनिस हे अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर. ब्रेनर खिंडीतून दक्षिणेला उतरलं की सहा तासांत माणूस समुद्रावर. आम्हाला मात्र हे अंतर डायनिंग टेबलावर कापता कापताच होळीपासून गणपती आले.

"सहा तासांत पोचायचं तर विमानाने जा ना," साडू म्हणाले. "रोड ट्रिपला मुक्काम पाहिजेत." साडू बँकेत ऑडिटला होते. ते बँकेतून निवृत्त झाले, ऑडिटमधून नाही. त्याच रात्री त्यांनी एक्सेल शीट करून सगळ्यांना पाठवली. तीत माझ्या नावापुढे 'चालक' असं होतं आणि कंसात 'पर्याय शोधावा'.

माझ्या ड्रायव्हिंगबद्दल घरात एकमत आहे. इतक्या वर्षांत एकही अपघात नाही, असं मी सांगतो. अपघाताला लागतो तेवढा वेग तरी कुठे असतो, असं ही सांगते. लक्ष्मी रस्त्यावर तिसरा गिअर टाकायला जागा नसते, त्याला मी काय करू? आरटीओने बिचाऱ्याने यातलं काही विचारलं नाही. 1949 च्या जिनिव्हा कराराच्या आधारे वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट हातात ठेवलं. करार करताना जिनिव्हावाल्यांनीही हिचं मत घेतलेलं नव्हतं.

खरा घोळ झाला तो रात्रींचा. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार, त्याच्याकडे. नियम सोपा आहे, फक्त तो करणाऱ्याला मेहुणी नसावी. पहिल्या मसुद्यात जर्मनी दोन, ऑस्ट्रिया दोन, इटली दोन अशा रात्री होत्या. साडूंनी त्यावर 'समतोल' असा शेराही मारला. मग कळलं, की आम्हाला हव्या त्या दिवसांत जर्मनीच्या अर्जाला तारीखच नाही. इटलीच्या अर्जाला आहे. म्हणजे एक रात्र उचलून इटलीत टाकायची. पण कोणाची? मेहुणी इन्सब्रुकची एकही रात्र सोडायला तयार नव्हती, कारण तिच्या भिशीतली एकजण तिथे एकच रात्र राहून आली होती. ही म्युनिकची सोडेना. जेट लॅग हा विकार तिने तिकीट काढायच्या आधीच लावून घेतला होता. मी तटस्थ होतो. तटस्थ माणसाला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे मला झोप चांगली लागायची.

शीट 'अंतिम' होती, ती 'अंतिम 2' झाली, मग 'अंतिम खरी'. या 'अंतिम खरी'त साडूंनी बोल्झानो शोधून काढलं, आणि इथे मात्र त्यांना मानलं पाहिजे. बोल्झानो ब्रेनरच्या पलीकडे, म्हणजे इटलीत. पण पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. 1919 च्या तहाने तो इटलीला मिळाला. अजून पाट्या जर्मन आणि इटालियन, दोन्ही भाषांत.

"म्हणजे राहायचं ऑस्ट्रियात आणि रात्र दाखवायची इटलीत," साडू म्हणाले. असल्या नोंदी पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता स्वतः करताना चेहऱ्यावर काय तेज आलं होतं!

"मी भिशीत काय सांगू?" मेहुणीने विचारलं.

"आल्प्स सांग."

मग गाडी. भाड्याच्या गाडीचा विमा हा प्रकार मला हसण्यावारी नेता येत नाही. वर ठळक अक्षरांत 'संरक्षण' लिहायचं आणि खाली मुंगीच्या अक्षरात काच, टायर आणि गाडीचं पोट वगळायचं. मग राहिलं काय, हॉर्न? त्यात गाडी म्युनिकला घेऊन व्हेनिसला सोडायची तर त्या 'वन वे'चा आकार भाड्याहून जास्त. गाडी म्युनिकलाच परत करायची ठरली, विमानही तिथूनच घ्यायचं ठरलं, सगळ्यांनी चहा घेतला. आणि कप खाली ठेवता ठेवता साडू ओरडले, "अहो, जर्मनीत एक रात्र वाढली!"

जर्मनी तीन, इटली तीन. सारखे झाले की पहिलं पाऊल बघायचं, आणि पहिलं पाऊल म्युनिकला. फिरून पुन्हा जर्मनी! त्या संध्याकाळी दोन सख्ख्या बहिणी एकमेकींशी फक्त शीटमधून बोलत होत्या. मेहुणीने हिच्या रात्रीला पिवळा रंग दिला, हिने तो काढला.

सासूबाई इतका वेळ मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्युनिकची एक कमी करा. मला तिथे काही काम नाही. मला यांचा पूल बघायचाय."

"कुठला पूल, आई?"

सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यात, पुलांवर होते. इन्सब्रुकच्या दक्षिणेला दरीवरून जाणारा युरोपाब्र्युके हा पूल 1963 मध्ये खुला झाला. दरीच्या तळापासून 190 मीटर उंच. त्याचं इंग्रजी मासिकातलं कात्रण त्यांच्या टेबलाच्या काचेखाली शेवटपर्यंत होतं, आणि एवढी वर्षं त्या टेबलावर आम्ही फक्त चष्मे ठेवत आलो. साडूंनी काही न बोलता रात्र हलवली. जर्मनी दोन, ऑस्ट्रिया एक, इटली चार. व्हिसा झाला.

प्रत्यक्ष प्रवासाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. जर्मनीच्या मोटारवेवर ट्रकना ताशी 80 ची मर्यादा आहे. त्यांच्या मागे मला फार सुरक्षित वाटलं. इन्सब्रुकचं सोनेरी छप्पर दिसलं. बोल्झानोच्या संग्रहालयात पाच हजारांहून अधिक वर्षं बर्फात राहिलेला ओत्झी नावाचा माणूस पाहिला, त्याच्याकडे पाहून ही म्हणाली, "हासुद्धा तुमच्याच वेगाने निघाला असणार." व्हेरोनाच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेली तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो. म्हणून साडूंनी ते गाव शीटमध्ये लाल केलं होतं. ज्युलिएटचं गाव, पण आम्ही लांबूनच नमस्कार केला.

पुलाशी मात्र थांबलो. रस्त्याकडेला विश्रांतीची जागा आहे आणि जवळच, पूल बांधताना गेलेल्या 22 कामगारांच्या स्मरणार्थ एक छोटं चॅपेल. साडूंनी आकडा वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "यांच्या कोकणातल्या पुलावर दोघे गेले होते. त्यांच्या बायकांना दिवाळीला मनीऑर्डर जायची. मला पावत्या सापडल्या, तेव्हा कळलं." मग त्या कठड्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. शीटमध्ये त्या थांब्याला वीस मिनिटं होती. साडू घड्याळाकडे एकदाही न बघता गाडीची काच पुसत बसले. तीच, विम्यात नसलेली.

तुम्ही जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्ग-शुल्काचं स्टिकर, घेतलं तरी ब्रेनरचा टोल वेगळा भरावा लागतो. व्हेनिसला गाडीचा उपयोग शून्य, पिआत्साले रोमा चौकात रस्ताच संपतो. गाडी अलीकडे मेस्त्रेला लावा आणि आगगाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनावर उतरा. 'अंतिम खरी 5' हवी असेल तर साडू आनंदाने पाठवतील. पाठोपाठ त्यांचा फोन येईल, तो मात्र उचलू नका.