कापता काय?

माझ्याकडे अकरा चाकू आहेत. हे वाक्य आमच्या बीड जिल्ह्यात जरा जपूनच बोलावं लागतं. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हाताकडे. पण मी अंबाजोगाईचा निवृत्त मास्तर, त्यातही मराठीचा, त्यामुळे संशय फार वेळ टिकत नाही. मग उरतो एकच प्रश्न : "पण गुरुजी, कापता काय?"

तीस वर्षांत मला याचं धड उत्तर देता आलेलं नाही.

चाकू सगळे मिटणारे, खिशात मावणारे. सुरीचं मला आकर्षण नाही, ती चोवीस तास उघडीच. चाकू काम नसलं की आपलं पातं पोटात घेऊन गप्प बसतो. एवढी समज माणसांतही कमीच आढळते. कायद्याचंही पाहून ठेवलंय. शस्त्र कायदा 1959 चा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. माझा सगळ्यात लांब चाकू पाच इंच भरतो. पट्टीने दोनदा मोजलाय. दुसऱ्यांदा मोजत होतो तेव्हा सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तसं पाहिलं तर आमच्या जिल्ह्याचं पातं म्हणजे कोयता. इथे कोयता नुसतं अवजार नाही, माणसं मोजायचं माप आहे. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटाच गडी असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं कारखान्यांकडे निघतात, तेव्हा "किती कोयते गेले?" असं विचारलं जातं आणि उत्तरात माणसं येतात. त्या दिवसांत माझे चाकू मी ड्रॉवरमधून बाहेर काढत नाही. का, ते नीट सांगता येणार नाही.

तर संग्रह. भाच्याने फ्रान्सहून आणलेला ओपिनेल आठ नंबरचा आहे. सव्वाशे वर्षांहून जुना घाट, बीच लाकडाची गोल मूठ, साध्या पोलादाचं पातं आणि मानेला एक फिरती कडी. कडी फिरवली की पातं उघडं असताना जागचं हलत नाही. ही सोय 1955 ची. लिंबू कापलं की पातं काळंनिळं पडतं, हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं, मग मुठीचं बूड टेबलावर आपटून ते बाहेर काढायचं, असं भाच्याने बजावून सांगितलं होतं. बीडमध्ये राहून मी कैक वर्षं या प्रसंगाची वाट पाहिली. फुगायला आधी पाऊस तर पडायला हवा! एका श्रावणात मात्र तो खरंच अडकला. मी इतक्या आनंदाने तो टेबलावर आपटला की शेजारी विचारायला आले.

काकडी, पेरू, संत्रं यांना तो फार छान. पण जिल्ह्याचा अभिमान कोणता, तर बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ. त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. आणि पिकलेलं सीताफळ उघडायला दोन अंगठे पुरतात. चाकू लावला तर लोक हसतात.

स्विस चाकू सगळ्यांना ठाऊक असतो. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने 1897 साली त्याची नोंदणी केली, तेव्हापासून त्याला अवयव फुटतच आहेत. माझ्याकडच्यात कात्री, करवत, बूच काढायचा पीळ, दात कोरायची काडी, सगळं आहे. पीळ अजून कोरा आहे, अंबाजोगाईत बूच असलेली बाटली माझ्या वाट्याला आलेली नाही. पण मुठीत खोचलेला तो इवलासा चिमटा! त्याच्यासाठी माणसं शेतातून लंगडत माझ्या ओट्यावर येतात. बाभळीचा काटा त्याच्याइतका अलगद दुसरं काहीच काढत नाही. गल्लीत या चाकूला 'चिमटा' असंच म्हणतात. बाकीचा चाकू त्या चिमट्याची डबी.

रामपुरी मी परळीला महाशिवरात्रीच्या जत्रेत घेतला. पितळी मूठ, खटका, आणि उघडताना तो आवाज. सगळी किंमत आवाजाचीच. 'वक्त' सिनेमातल्या राजकुमारने एका पिढीला चाकूकडे कसं बघायचं ते शिकवलं, त्या पिढीतला मी. रामपूरला म्हणे आता चौकात वीसेक फुटांचा चाकू उभा केलाय. माझ्या रामपुरीची स्प्रिंग मात्र ढिली. दाबला की उघडत नाही आणि बसमध्ये कंडक्टर शेजारी आला की आपोआप उघडतो. हल्ली पोरं वाढदिवसाचा केक तलवारीने कापतात आणि मेणबत्त्या विझायच्या आत पोलीस ठाण्यात पोचतात. त्यामुळे तो मी घराबाहेर काढत नाही.

मला एक मिटता चाकू गावठी हवा होता. रस्त्याकडेला घिसाड्याचं पाल पडलं होतं. तो सांडशीत लालभडक लोखंड धरून बसलेला, बायको घण मारतेय, पोरगी भाता फिरवतेय. ट्रकच्या पाट्याचं पोलाद, पाण्यात बुडालं की चर्र. मी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"मिटवायचं कशापायी? काम झालं की खोचा की कमरंला."

"खिशात ठेवायचाय."

"मंग धार कशाला लावायची?" म्हणाला, आणि पुढच्या विळ्याकडे वळला. हा वाद मी हरलो, हे घण मारणाऱ्या बाईच्या हसण्यावरून कळलं.

अकरावा चाकू आजोबांचा. आजोबा निजामाच्या राज्यातले पटवारी. कचेरीचे कागद उर्दूत, घरचा हिशोब मोडीत, दोन्हीला बोरूच. बोरू तासायचा, मध्ये चीर द्यायची, टोक तिरकं छाटायचं. थोडं लिहिलं की टोक बसतं, पुन्हा छाटायचं. त्यासाठी हा कलमतराश, शेफील्डचा, पात्यावर तारा आणि क्रॉस. इंग्रजीत अशा चाकूला पेननाईफ म्हणतात ते याच कामावरून. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, हळूहळू उर्दू कागद गेले, बोरूही गेले. चाकू राहिला. धार लावून लावून पातं निम्मं झिजलंय. संग्राहकाच्या हिशोबाने अशा चाकूची किंमत उतरते. मला मात्र या अकरांत हाच एक नोकरी केलेला वाटतो.

तो हातात आला की मला दासोपंत आठवतात. ते आमच्याच गावचे, 1615 साली इथेच गेले. त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख सांगतात, शिवाय कापडावर लिहिलेली ती लांबलचक पासोडी. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, ही गोष्ट गावात पोराटोरांना माहीत. शाईचा हिशोब सगळ्यांनी ठेवला. एवढ्या लिखाणाला बोरू किती झिजले असतील, आणि ते तासणारा चाकू कुणाचा होता, कुणी धार लावून दिली, हे कुणी विचारलं नाही. मी एकदा व्याख्यानात विचारलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

संध्याकाळी चाकू हातात घेऊन उगाच उघडझाप करायची मला खोड आहे. "अहो, रिकामा चाकू वाजवू नये, घरात भांडणं होतात," असं ही म्हणते. मी म्हणतो, तसं काही नसतं. मग भांडण होतं.

गेल्या खंडेनवमीला अकराही चाकू पुसून, तेलाचं बोट लावून पाटावर मांडले. हिने स्वयंपाकघरातून विळी आणली आणि माझे चाकू दोन्ही बाजूंना सारून ती मधोमध ठेवली. वर्षभर पोटाला घालते ती, म्हणाली. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. हळदकुंकू वाहिलं. मग झेंडूचा हार आला, त्याचा दोरा हातभर लांब. मी सवयीने ओपिनेलकडे हात नेला.

"पूजेला बसलेत ते. आज कामाला लावायचे नाहीत."

विळीही बसलेली, चिमट्याची डबीही बसलेली. हिने दोरा तोंडात धरला आणि दाताने कट्‌कन तोडला.