तिखटाच्या डब्यातलं बिटकॉइन

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बारा आकडे. विसरलात तर केंद्रावर जाऊन बोटं टेकवा, सापडतात. माझ्याकडे मात्र बारा शब्द आहेत आणि त्यांचं केंद्र कुठेच नाही.

जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो नाणी चोरीला गेली. माझं तिथे काहीच नव्हतं, तरी झोप उडाली. सात हजारांचं बिटकॉइन ऑफलाइन ठेवायला मी आठ हजारांचं हार्डवेअर वॉलेट मागवलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

यंत्र पेनड्राइव्हएवढं. आईने उलटंपालटं करून विचारलं, "पैसा कोठे शे?" सांगितलं, नाणी यात नसतात, ती जगभरच्या संगणकांवरच्या खातेवहीत असतात, यात नुसती किल्ली. "म्हणजे किल्ली आपली नि कपाट लोकांचं?" क्रिप्टोची इतकी नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

यंत्र हरवलं तर बारा इंग्रजी शब्दांवरून किल्ली परत घडवता येते. हे शब्द 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. यादीत ऑनियन, गार्लिक आणि गोटही आहेत. नशीब असेल तर आख्खं मटण निघावं. फोटो काढायचा नाही, मोबाइलमध्ये लिहायचं नाही. मी कागदावर लिहून तिखटाच्या डब्यात खुपसले. मिरचीच्या पथाऱ्या पसरणाऱ्या या गावात तिखटाचा डबा कोण चोरणार?

चोर घरातलाच निघाला. तिसरीतल्या लेकीला 'शब्द एबीसीडीच्या क्रमाने लावा' असा गृहपाठ होता. तिने कागद कात्रीने कापला आणि बारा पट्ट्या वहीत ओळीने चिकटवल्या. क्रम चुकला की शब्द फुकट, आणि बारा शब्द 47 कोटी 90 लाख 1 हजार 600 प्रकारे लावता येतात.

"तहसीलातून दुबार प्रत मिळत नाही का?" बायको म्हणाली.

यंत्र शाबूत होतं आणि पिन पाठ, म्हणून वाचलो. नव्या शब्दांचं वॉलेट बनवून बिटकॉइन त्यात हलवलं. फी गेली ती वेगळीच.

वहीत बाईंनी लाल शाईने 'छान' लिहिलंय आणि एका शब्दाचं स्पेलिंग सुधारून दिलंय. ते मीच चुकीचं उतरवलं होतं.