वसुलीतज्ज्ञ साहेबांस अनावृत पत्र



आपला व्हॉट्सअ‍ॅप संदेश पोचला. माझ्या भाच्याच्या क्रिप्टो वॉलेटमधून परस्पर गेलेली रक्कम आपण 'शंभर टक्के हमीने, बहात्तर तासांत' परत आणून देता, हे वाचून आनंद झाला. त्याहून मोठा आनंद आपल्या तत्परतेचा. भाच्यानं रात्री कुठल्याशा टेलिग्राम गटात रडगाणं गायलं आणि सकाळी दूध यायच्या आत आपण दारात हजर. पोलिसांनी आम्हाला बाकावर बसवलं. वॉलेटवाल्या कंपनीनं 'गैरसोयीबद्दल खेद आहे' असं उत्तर धाडलं, तेही यंत्राकरवी. बँकेनं 'हे आमच्याकडचे पैसेच नव्हेत' म्हणून हात झटकले. एवढ्या मोठ्या जगात आमची आपुलकीनं चौकशी करणारे आपण एकटे निघालात. भाच्यानं आपल्याला माझा नंबर दिला, कारण आमच्या घरात पैशाचं मामा बघतो.

घटना मी माझ्या शब्दांत सांगतो. आपण पाठवलेल्या फॉर्मात 'चोरी कशी झाली' याला एक ओळ ठेवली आहे आणि 'वॉलेटमध्ये अजून किती शिल्लक आहे' याला तीन.

भाच्याच्या वॉलेटचं कुलूप कुणी तोडलं नाही. फुकट टोकन वाटणारी एक साइट होती. एअरड्रॉप म्हणतात त्याला. तिथे त्यानं वॉलेट जोडलं, एक खिडकी उघडली, तिच्यातलं 'अप्रूव्ह' हे बटण दाबलं. टोकन काही आलं नाही, भाचा विसरून गेला. त्या बटणाचा अर्थ असा होता की, माझ्या वॉलेटमधले यूएसडीटी (डॉलरच्या मोलाचं क्रिप्टो नाणं) अमुक पत्त्यानं हवे तेव्हा, हवे तितके उचलावेत, माझी ना नाही. चोरानं घाई केली नाही. वॉलेटमध्ये बरी रक्कम साठेपर्यंत तो थांबला. दिवाळीच्या बोनसचे यूएसडीटी घेऊन झाले, तशी ती उचलली.

तक्रारीत आम्ही 'परवानगीशिवाय काढलेली रक्कम' असं लिहिलं. इथेरियम या ब्लॉकचेनच्या वहीला मात्र हे मान्य नाही. तिच्या दृष्टीनं परवानगी होती, सही होती, सहीही अस्सल होती. वही सही बघते; सही करणाऱ्याला काय वाटत होतं, ते विचारायची तिला सोय नाही. बँकेतला कॅशियर निदान चष्म्यावरून एकदा आपल्याकडे बघतो तरी. 'स्वतःच स्वतःची बँक व्हा' ही या धंद्यातली लाडकी घोषणा भाच्याच्या टी-शर्टवर छापलेली आहे. बँक व्हायचं म्हणजे मॅनेजर व्हायचं, असा त्याचा समज. सह्या पडताळणारा कारकून, दारावरचा बंदूकवाला आणि तक्रारी ऐकून घेणारा साहेब हेसुद्धा आपणच, एवढं सगळं टी-शर्टवर मावलं नसावं.

पैसे कुठे गेले, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. शून्य-एक्सनं सुरू होणारा बेचाळीस अक्षरांचा पत्ता भाच्याला आता रोल नंबरपेक्षा चांगला पाठ झालाय. आधी रक्कम तिथेच पडून होती, मग तिला पाय फुटले, चार पत्त्यांत वाटली गेली, त्यातला एक वाटा दुसऱ्याच ब्लॉकचेनवर गेला. सगळं तारीखवेळेसकट साऱ्या जगाला दिसतं. आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीतही चोर असाच दिसतो, अगदी स्वच्छ, डोक्यावर हेल्मेट घातलेला. आपण पाठवलेल्या 'गोपनीय ट्रेसिंग रिपोर्ट'मध्ये हेच पत्ते आणि हेच आकडे आहेत. भाचा ते इथरस्कॅन या साइटवर फुकट बघतो. आपण वर लाल बाण काढलेत, त्या मेहनतीचं मोल वेगळं.

गेलेलं कधी परत मिळतच नाही, असं मी म्हणणार नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे एक लाख वीस हजार बिटकॉइन गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकी तपासयंत्रणांनी न्यूयॉर्कमध्ये इल्या लिक्टेनस्टाइन आणि त्याची बायको हेदर मॉर्गन यांना पकडलं आणि ९४ हजारांहून जास्त बिटकॉइन ताब्यात घेतले. त्या वेळच्या भावानं ते साडेतीन अब्ज डॉलरच्या वर भरत होते. चाव्या सापडल्या कुठे, तर गृहस्थाच्या ऑनलाइन साठवणीतल्या एका कुलूपबंद फायलीत! इतकी मोठी चोरी पचवायला निघालेला माणूस चाव्या क्लाउडवर ठेवतो आणि मधल्या काळात त्याची बायको रॅझलखान या नावानं रॅप गाणी म्हणत असते. अशा जोडप्यापर्यंत पोचायलाही एफबीआय, तिथलं कर खातं, न्यायालयाचं वॉरंट आणि साडेपाच वर्षं लागली. आपल्या बहात्तर तासांपुढे हे अगदीच सरकारी काम. त्यांनी आपल्याकडे शिकवणी लावायला हवी होती. उलट २०२४ मध्ये एफबीआयनं इशारा काढला की, बुडालेलं क्रिप्टो परत मिळवून देतो म्हणणाऱ्या खोट्या वकिली फर्मांपासून जपून राहा. धंद्यातला मत्सर असावा.

पुण्याचीही एक गोष्ट आपल्या कानावर असेलच. २०१८ साली इथे एका मोठ्या बिटकॉइन घोटाळ्याचा तपास सुरू झाला. विषय नवा, म्हणून पोलिसांनी दोन तज्ज्ञ मदतीला घेतले. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपास चालू असताना आरोपींच्या वॉलेटमधलं चलन त्यांनी स्वतःकडे वळवलं, असा आरोप. दोघांपैकी एक तर माजी आयपीएस अधिकारी. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण तेव्हापासून आमच्याकडे कुणी 'तज्ज्ञ' म्हणून ओळख करून दिली, की समोरचा नमस्कार करायच्या आधी खिसा चाचपतो. राग मानू नये.

आता आपल्या फॉर्ममधल्या शेवटच्या रकान्याकडे येतो. 'ओळख पडताळणीसाठी बारा शब्द लिहा.' वा! २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले ते बारा शब्द, ठरलेल्या क्रमानं. ते ज्याच्या हाती, वॉलेट त्याचं. अंदाजानं शोधायला बसलं तर जगातले सगळे संगणक म्हातारे होतील. म्हणून कुणी शोधत बसत नाही, सरळ विचारतात. आणि साहेब, एक बारीकसा मुद्दा राहिलाच. भाच्याकडून चोराला मिळाली ती फक्त यूएसडीटी उचलायची परवानगी. शब्द त्यालाही मिळाले नव्हते. वॉलेटमध्ये थोडं इथर हे दुसरं नाणं अजून शाबूत होतं. म्हणजे चोरानं जे मागितलं नाही, ते आपण मदत म्हणून मागताय.

आपला वेळ वाचावा म्हणून आम्ही काय काय केलं, तेही कळवतो. देऊन ठेवलेल्या जुन्या परवानग्या एकेक करून रद्द केल्या. रद्द करायलाही फी पडते, हे कळल्यावर माझ्या तोंडून गेलेले शब्द इथे लिहीत नाही. दुसऱ्या, स्वच्छ फोनवर नवं वॉलेट काढून उरलेलं तिकडे नेलं. जुन्या शब्दांचा फोटो भाच्यानं गॅलरीत ठेवला होता, तो पुसायला लावला. २०२५ च्या सुरुवातीला कॅस्परस्कीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाची एक कीड उघडकीला आणली, ती फोनमधले फोटो वाचून नेमके असले शब्द हुडकते. गुगल आणि अ‍ॅपल, दोघांच्याही दुकानातल्या अ‍ॅपमध्ये ती बसलेली होती. नवे शब्द कागदावर आहेत. कागद मामीकडे आहे. तिनं तो कुठे ठेवलाय, हे तिनं मलाही सांगितलेलं नाही, तेव्हा मला फोन करून उपयोग नाही.

तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सरकारी पोर्टलवर नोंदवली, प्रत्येक व्यवहाराच्या हॅशसकट, म्हणजे ओळखक्रमांकासकट. १९३० चा खरा जोर बँकेतल्या पैशावर: वेळेत कळवलं तर रक्कम मधल्याच एखाद्या खात्यात थोपवता येते. इथे मध्ये बँकच नाही. अडवू शकतील असे दोघेच. एक, यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी. एखादा पत्ता गोठवायची कळ तिच्या हातात असते आणि पोलिसांच्या सांगण्यावरून तिनं ती दाबलेलीही आहे. दुसरं, एखादं एक्स्चेंज, चोर तिथे पैसे मोडायला गेलाच तर. आपल्याकडची एक्स्चेंजेस २०२३ च्या मार्चपासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत, ग्राहक कोण याची नोंद त्यांना ठेवावीच लागते. पण दोन्हीकडे पोलिसांचं पत्र लागतं, आणि त्या पत्रासाठीच आम्ही बाकावर बसलो होतो. बाक मजबूत आहे.

सीएकडेही जाऊन आलो. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ च्या एप्रिलपासून ३० टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. 'आणि चोरीला गेलेलं?' असं भाच्यानं विचारलं, तेव्हा सीएनं त्याला चहा दिला.

राहता राहिली आपली फी. 'गॅस आणि अनलॉकिंग शुल्क' म्हणून आपण तीनशे डॉलर आगाऊ मागितलेत, यूएसडीटीमध्येच. माझा साधा प्रस्ताव आहे. रक्कम बहात्तर तासांत येणारच आहे, तर आली की आपले तीनशे त्यातूनच कापून घ्यावेत. तीनशे कशाला, सहाशे घ्या, आमची तक्रार नाही. हाच प्रस्ताव मी काल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या टिका उमटल्या, 'टायपिंग' असं बराच वेळ दिसलं आणि मग आपला सूट-टायमधला फोटोच नाहीसा झाला. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहावं लागलं.

कळावे,
आपला (पण नात्यानं फक्त भाच्याचा)
मामा

ता. क. : फी भरण्यासाठी आपण दिलेला पत्ता भाच्यानं सवयीनं उघडून बघितला. त्यात वेगवेगळ्या ठिकाणांहून तीनशे-तीनशे डॉलर येऊन पडलेले दिसतात, आणि ते सगळे पुढे एकाच पत्त्यावर जातात. दोन्ही पत्ते आमच्या तक्रारीला जोडले आहेत. रिपोर्टमधल्यासारखे लाल बाणही काढलेत.