बोटांचा भाव लावणाऱ्या साहेबांस

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

प्रति,
मा. तक्ताकार साहेब, अपघात दावा विभाग
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांचा तक्ता थोड्याफार फरकाने एकाच साच्यातला, तेव्हा ज्याला आपलं वाटेल त्याने पत्र फोडावं.)



तुमचे 80 हजार रुपये खात्यात जमा झाले. विमा रक्कम 10 लाख, उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं, दर 8 टक्के. हिशेबात एका पैशाची चूक नाही. आमच्याकडे केळीचा व्यापारी घडाच्या फण्या मोजतो, तोसुद्धा इतक्या निगुतीने मोजत नाही. दवाखान्याचं शटर खाली घेताना बोट फटीत सापडलं, नांदेडच्या सर्जनने दोन पेरं काढली, आणि तुम्ही उरलेल्या बोटाचा चारी बाजूंनी फोटो मागवला. तोही पाठवला. फोटोत बोट बरं आलंय.

पॉलिसी घेतली तेव्हा हा बोटांच्या दरांचा तक्ता वाचला नव्हता. आता रोज वाचतो, फार रंजक आहे. अंगठा पूर्ण गेला तर 25 टक्के. अख्खी तर्जनी 10, मधलं बोट 6, करंगळी 4. आणि पायाची सगळी बोटं गेली तर 20! म्हणजे डॉक्टरच्या तर्जनीला पायाच्या बोटांच्या निम्मा मान. टाके पायाने घालायची पद्धत कुठे शिकवतात ते कळवावं, पुढची बॅच चुकवणार नाही.

साहेब, तुम्ही डोंगरकड्याला कधी आला नसाल. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव. भोवती केळी, हळद, ऊस. इथल्या दवाखान्यात माणसं हृदयाची नळी तपासायला येत नाहीत. कोयता लागलेला पंजा रुमालात गुंडाळून येतात. हळद शिजवताना भाजलेले येतात, जुलाबाने डोळे खोल गेलेलं लेकरू येतं. टाके घालायचा चिमटा आम्ही अंगठ्यात आणि अनामिकेत अडकवतो, आणि तर्जनी त्याच्या सांध्यावर लांब टेकवतो. सुईचा नेम त्या बोटावर असतो. ते बोट आखूड झालं की चिमटा डोलतो. सलाईनचंही तसंच. सुई शिरेत गेल्यावर प्लास्टिकची नळी अलगद पुढे सरकवायची ती तर्जनीच्या टोकाने. लेकराच्या हातावरची शीर दोऱ्याएवढी, आई शेजारी श्वास रोखून उभी. तिथे माझी 8 टक्के पेरं नाहीत. मग त्याच आईला म्हणतो, नांदेडला न्या. ती आधी माझ्या बोटाकडे बघते, मग खिशातले पैसे चाचपणाऱ्या नवऱ्याकडे.

एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "डॉक्टरसाब, सुई देत न्हाईत तर मग नुसती चिठ्ठी घ्यायला कामून यावं?" तिचा अभ्यास तुमच्या वैद्यकीय पॅनेलपेक्षा पक्का आहे. गावच्या दवाखान्याचं उत्पन्न चिठ्ठीवर चालत नाही, हाताच्या कामावर चालतं. त्यातलं अर्धं उधारीवर, 'हळद हिंगोलीच्या मार्केटात गेली की देतो' या बोलीवर. बँकेचा हप्ता मात्र हळदीची वाट पाहत नाही.

तुमच्या त्या साप्ताहिक भरपाईचंही कौतुक केलं पाहिजे. पूर्णपणे काम बंद असेल तर आठवड्याला विमा रकमेच्या 1 टक्का, जास्तीत जास्त 100 आठवडे. वाचायला किती छान! टाके निघेपर्यंत तुम्ही दिलेही. मग तुमचा तपासनीस आला. मी दवाखान्यात बसून एका जुन्या रुग्णाच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देत होतो. "म्हणजे तुम्ही काम करताय," तो म्हणाला. भरपाई थांबली. चूक माझीच. घरी खाटेवर पडून राहायला हवं होतं, रक्तदाबवाल्याला सांगायचं होतं की बाबा, माझे 100 आठवडे संपले की ये.

कायम पूर्ण अपंगत्वाचं कलम तर याहून उदार. माणूस कोणत्याही प्रकारचा कोणताही कामधंदा करू शकत नसेल, तरच ते लागू. म्हणजे केळीच्या बागेत राखण करता येते तोवर डॉक्टर धडधाकट! अमेरिकेत या बाबतीत लोक फार मागासलेले दिसतात. तिथले डॉक्टर 'स्वतःच्या व्यवसायापुरती' अपंगत्व पॉलिसी घेतात. सर्जनला शस्त्रक्रिया करता येईना, पण कॉलेजात शिकवता येतं, तरी दरमहा पैसे चालू. बहुतेकदा पहिले तीन महिने थांबावं लागतं, मग सुरू. शिवाय तिथे आजारही धरतात, नुसता अपघात नाही. डॉक्टरचा हात थांबवतं ते बहुधा शटर नसतंच. मानेचा मणका, पक्षाघात, हाताचा कंप यांनी हात थांबतो. तुमच्या अपघात पॉलिसीत या सगळ्यांचा दर शून्य. आपल्याकडे तशी पॉलिसी मागितली तर एजंट हसतो आणि रुग्णाने कोर्टात खेचलं तर कामी येणारा विमा पुढे करतो. रुग्णापासून डॉक्टरला वाचवायला सगळे तयार!

आमच्या एजंटभाऊंचा यात दोष नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. "डॉक्टर, हात चालला नाही तरी घर चालंल," हे त्यांचं वाक्य. त्यांनी 'घर' म्हटलं, कुणाचं ते सांगितलं नव्हतं.

आता थोडं इतिहासाचं. इंग्रजांनी 1923 मध्ये कामगार भरपाईचा कायदा केला. त्याच्या तक्त्यात पुढे तर्जनीच्या दोन पेरांना 11 टक्के होते. तुम्ही त्यात 3 टक्क्यांची काटकसर केलीत. त्याच कायद्याखाली 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका सुताराचं प्रकरण आलं. सिनेमागृहाचं काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक तक्ता दाखवत होता. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकी होत नाही, नुकसान 100 टक्के. पुढे 2010 च्या राजकुमार खटल्यात तेच आणखी उलगडून सांगितलं: तोच हात ड्रायव्हरचा गेला तर कमाई जवळजवळ संपते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तुमचे वकील म्हणतील, ते कायदे वेगळे, आपला करार वेगळा. अगदी खरं आहे. सुताराला कायदा मिळाला, डॉक्टरला करार.

लोक सुचवतात, पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही. जाऊन काय सांगू? कंपनीने कबूल केलं होतं तेवढं दिलं म्हणून? तुम्ही मला फसवलं असतं तर फार सोपं झालं असतं. माझ्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींनी वर्षाला 20 रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतलाय. त्यात बोटाला काहीच नाही, अख्खा हात किंवा पाय गेला तर 1 लाख, दोन गेले तर 2 लाख. पण त्या 20 रुपयांत त्यांना कुणी उत्पन्नाचं स्वप्न विकलं नव्हतं. तुमच्या माहितीपत्रकावर मात्र गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला हसरा डॉक्टर आहे. दोन्ही हात खिशात घालून उभा. आता कळतं, खिशात का ते.

2024 पासून हिंगोलीतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथली पोरं इंटर्नशिप संपवून बाहेर पडतील तेव्हा तुमचे एजंटभाऊ फाटकाशी असतीलच. एक उपकार करा. तो तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरात छापा आणि सहीच्या वर ठेवा. शिक्षणकर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या पोराला आधी करंगळीचा दर कळू दे, मग तो सही करील.

कळावे.

आपला,
एक 92 टक्के डॉक्टर

ता. क. तुमचा नूतनीकरणाचा संदेश काल मोबाइलवर आला. विमा रक्कम दुप्पट करण्याची 'खास डॉक्टरांसाठी' सवलत आहे म्हणे. तर्जनीचं एक पेर अजून शिल्लक आहे, जुन्या दराने 2 टक्के. दुप्पट केल्यावर त्याचे 40 हजार होतात ना, तेवढं लेखी कळवावं.